लाल दांड्याच्या गाळण्या

चारकोपमधल्या आमच्या दुकानात चोरी होते आहे, हे धाकट्या भावाने मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज घरात कुणी आजारी असल्यासारखा होता. मी वर्तमानपत्रात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं गुन्ह्यांच्या बातम्या दिल्या. त्यामुळे मला चोर ओळखता येतात असा कुटुंबात समज आहे. प्रत्यक्षात मला चोर नेहमी ते पकडले गेल्यावर, पोलिसांनी नाव आणि पत्ता सांगितल्यावरच ओळखता आले. हे मी भावाला सांगितलं.

"तरी ये," तो म्हणाला.

दुकान वडिलांचं. त्यांच्या काळात गिऱ्हाईक बाहेर, माल आत आणि मधे लाकडी काउंटरमागे वडील, अशी रचना होती. चोरी करायची तर आधी वडिलांना ओलांडावं लागलं असतं आणि ते अंगाने मोठे होते. ते गेल्यावर भावाने काउंटर काढला, रॅक लावले, काचेचं दार बसवलं, बिलासाठी दाराजवळ एक छोटा काउंटर आणि कॉम्प्युटर आणला आणि दाराबाहेर पाटी लावली : 'हवं ते आपल्या हाताने घ्या.' काउंटरबरोबर वडिलांच्या सवयीही गेल्या. येणाऱ्याच्या मुलाचा निकाल विचारणं, सामान बांधून झाल्यावर वर गुळाचा खडा नाहीतर मूठभर शेंगदाणे टाकणं, आणि न आवडणाऱ्या माणसाला समोर दिसणारी वस्तूही 'संपली' म्हणून सांगणं. यातली शेवटची सवय गेल्याचं दुःख फक्त भावजयीला झालं.

जाणाऱ्या वस्तू बारीकसारीक होत्या. वेलदोड्याच्या पुड्या, हिंगाच्या लहान डब्या, उदबत्त्या, चॉकलेटं. पण भावाच्या मनाला लागल्या त्या गाळण्या. चहाची गाळणी, स्टीलची, लाल दांड्याची. कुठल्याशा स्कीममध्ये त्याने त्यांचा मोठा खोका उचलला होता. "या किमतीला लोक गाळणी नाही, पातेलं घेतील," असं भावजय तेव्हाच म्हणाली होती. तिचं खरं ठरलं. चहा पावडरच्या रॅकशेजारच्या हुकांवर गाळण्या लटकत होत्या आणि कॉम्प्युटरमध्ये त्यांची एकही विक्री नव्हती. तरीही हुकांवरच्या गाळण्या कमी होत होत्या.

"विकत कोणी घेत नाही," भाऊ म्हणाला, "आणि चोरायला मात्र आवडते. हा कुठला न्याय?"

मी पोचेपर्यंत त्याचे बरेच उपाय करून झाले होते. कोपऱ्यात वर एक फुगीर आरसा लावला होता. त्यात अख्खं दुकान दिसतं. गिऱ्हाइकांना त्यात स्वतःचं तोंड दिसत होतं. बायका त्याच्याखाली उभ्या राहून गजरा नीट करत, आणि शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ रोज सकाळी दुधाची पिशवी घेण्याआधी मान तिरकी करून आपलं टक्कल कुठवर आलं आहे ते पाहत. मग पिशव्या दाराशी ठेवून टोकन घ्यायची पद्धत सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात टोकनं जाऊ लागली. मग कॅमेरे आले. काही खरे, काही नुसतीच खोकी. खोक्यांवर लाल दिवा लुकलुकत असे, खऱ्यांवर दिवा नव्हता. त्यामुळे लोक खोक्यांना बिचकत आणि खऱ्या कॅमेऱ्यासमोर निर्धास्त उभे राहत. भावाच्या हेही लक्षात आलं, पण तोवर त्यातलं एक खोकं चोरीला गेलं होतं. त्याच्या समोरच खरा कॅमेरा होता. आम्ही फुटेज पाहिलं. दिवाळीचे दिवस असल्याने त्यात आदल्या दिवशी भावानेच टांगलेला आकाशकंदील दिसला. मोठा, नारिंगी आणि झिरमिळ्यांसकट.

यानंतर भाऊ अंधेरीला एका हॉटेलात दुकानदारांसाठी असलेल्या दिवसभराच्या शिबिराला गेला. तिथून जेवण, एक पेन आणि एक सिद्धान्त घेऊन आला. सिद्धान्त असा की दुकानदार दारावर नजर ठेवतो आणि माल आतल्या माणसाकडून जातो.

आमच्या दुकानात आतलं माणूस एकच होतं.

ती बिलिंगवर बसत असे. मूळची मालवणकडची, लग्नानंतर चारकोपच्या एका सेक्टरमधल्या खोलीत राहायला आलेली. तिला वडिलांनी शेवटच्या वर्षांत ठेवलं होतं. तोंडाने तिखट. 'सुट्टे नाहीत' म्हणणाऱ्या माणसाला ती "पाकीट उघडून बघा, असतील" असं सांगत असे आणि ते असत. भावाला ती शेठ म्हणे. त्यात आदर किती आणि थट्टा किती हे त्याला कधीच ठरवता आलं नाही.

शिबिरातून परत आल्यावर भावाने नियम केला की दुकान बंद करताना तिने पिशवी दाखवून जायचं. त्याला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही, आणि हे त्याला जास्त महागात पडलं. रोज संध्याकाळी ती पिशवी काउंटरवर ठेवी, आतला जेवणाचा डबा काढी, झाकण उघडी आणि त्याच्या नाकाशी धरी.

"बघा शेठ. भेंडी. कालची."

"ठीक आहे, ठीक आहे."

"ठीक काय? वास घ्या. हिंग तुमच्या दुकानातला नाही ना, खात्री करा."

हे रांगेतल्या गिऱ्हाइकांसमोर चाले. शुक्रवारी डब्यात बांगड्याचं तिखलं उरलेलं असे. भाऊ मासे खात नाही. शुक्रवारी तो बंद करायच्या वेळेला गोडाऊनमध्ये काहीतरी शोधायला जाऊ लागला.

गिऱ्हाइकांची तपासणी तो स्वतः दारात उभा राहून करी. यातली अडचण अशी की सगळी गिऱ्हाइकं ओळखीची होती. ज्या काकूंनी लहानपणी आपल्याला थंडाईतली बदामं वेचून दिली त्यांच्या पिशवीत हात घालायचा कसा? म्हणून तो "सॉरी हं काकू" म्हणून पिशवीचं तोंड उघडे आणि तेवढ्या वेळापुरता रस्त्याकडे बघे. अशा तपासणीत काही सापडलं नाही. मात्र अपमान झाल्याचं सगळ्यांना कळलं. काही बायका पलीकडच्या मोठ्या दुकानात जायला लागल्या. तिथे तपासणी होत नव्हती असं नाही, पण तिथला तपासणारा त्यांना काकू म्हणत नव्हता.

डिसेंबर संपता संपता भावाने मला गोडाऊनमध्ये बोलावलं. गोडाऊन म्हणजे दुकानाच्या मागच्या भागात प्लायवुडची भिंत घालून काढलेली खोली. तिथे तांदळाच्या पोत्यांवर बसायचं आणि कॅमेऱ्यांचा पडदा बघायचा.

"संक्रांत झाली की तिला सांगायचं," तो म्हणाला. "येऊ नकोस म्हणून."

"पुरावा काय?"

"दुसरं कोण असणार? आणि सांगायचं तू. तुला भाषा येते."

मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. प्लायवुडच्या भिंतीतून पलीकडचं सगळं ऐकू येतं, हे त्या वेळी आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तेव्हा बिल करता करताच ती म्हणाली, "मोठे दादा, तुम्ही सांगणार ना? मग नीट सांगा. या एरियात एका दुकानातून चोरीसाठी काढलेल्या बाईला दुसरं दुकान ठेवत नाही. सासू आजारी असते माझी. 'तब्येतीमुळे गेली' असं काहीतरी सांगा. पेपरात होता तुम्ही, काहीतरी सुचेलच."

हा टोमणा होता की विनंती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिने तोवर पुढच्या गिऱ्हाइकाची साबणाची वडी उचलली होती.

रुसलेल्या बायकांना परत आणण्याचा उपाय भावजयीने काढला. संक्रांतीनंतरच्या एका दुपारी दुकान बंद ठेवायचं आणि दुकानातच हळदीकुंकू करायचं. नेहमीच्या सगळ्या बायकांना बोलवायचं. सोसायटीतल्या, सेक्टरच्या खोल्यांमधल्या, गावठाणातल्या. आणि वाण म्हणून काय द्यायचं, यावर तिने विचार करायलाही वेळ घेतला नाही.

"त्या गाळण्या."

"अगं, विकायच्या आहेत त्या," भाऊ म्हणाला.

"विकल्या गेल्या का? मग. निदान आपल्या हाताने तरी जाऊ देत."

हळदीकुंकवाला पुरुष नकोत, म्हणून त्या दुपारी आम्ही दोघे भाऊ गोडाऊनमध्ये पोत्यांवर बसलो. समोर पडद्यावर दुकान दिसत होतं. पडद्याला आवाज नव्हता, तो प्लायवुडमधून येत होता. चित्र किंचित मागे पडत होतं, त्यामुळे बायका आधी हसत आणि मग त्यांची तोंडं हलत. बिस्किटांच्या रॅकपुढे सतरंजी होती, भावजय हळदीकुंकू लावत होती, आणि बिलिंगची बाई काळी साडी नेसून तिळगूळ आणि गाळणी हातात देत होती. पुढच्या आठवड्यात आपण इथे नसणार हे तिला माहीत होतं. तरी तिचं तोंड चालूच होतं.

"घ्या काकू, गोड बोला. एक दिवस तरी."

"ही गाळणी होय!" एक बाई म्हणाल्या. "किती महाग लावली होती तुम्ही."

"म्हणून तर फुकट देतोय."

मग मावशी आल्या. मावशी दुकानाच्या कोपऱ्यावर मासे विकायला बसत, गावठाणातल्या. हातभर हिरव्या बांगड्या, अंबाड्याला अबोलीचा वळेसर आणि अंगावर संक्रांतीसाठी खास ठेवलेलं लुगडं. त्यांचं घर मोठं, महिन्याचं सामान पोत्याने जायचं, आणि ते वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडूनच. त्यांनी हळदीकुंकू घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला, गाळणी हातात घेऊन उलटसुलट केली आणि परत दिली.

"ही नको गो मना."

"असं कसं मावशी? वाण आहे," भावजय म्हणाली.

"वाण हाय ते ठीक. पण याचा दांडा तापतो. नि जाली सुटते कडंनं. चहात पत्ती येते. दुसरा काय असल तर दे."

पोत्यावर बसलेला माझा भाऊ ताठ झाला. कॉम्प्युटरप्रमाणे या गाळणीने आजवर जगात एकही कप चहा गाळलेला नव्हता.

पलीकडे भावजयीलाही हे कळलं असावं. तिचा आवाज फार गोड झाला. "मावशी, तुमच्याकडे आहे का ही?"

"हाय ना. दोन हायत. एक मोठ्या सुनेला दिली, तीपण बोंबलते."

"कुठून घेतलीत?"

"कुठून म्हंजे? हितनंच. त्या हुकावरनं."

आता बिलिंगची बाई पुढे झाली. पडद्यावर तिच्या हातातलं तिळगुळाचं ताट दिसत होतं, ते तिने काउंटरवर ठेवलं. "मावशी, बिल कोणी केलं त्याचं? कारण मी नाही केलं."

"बिल?" मावशींना प्रश्नच कळला नाही. "बिल कसला? ती वरची ना."

"वरची म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? महिन्याच्या सामानावरची! हिचा सासरा मना दर महिन्याला सामान बांधलं का वर काय ना काय टाकायचा. गूल द्यायचा, शेंगदाणे द्यायचा, गणपतीला उदबत्तीचा पुडा. मी कवा मागितला नाय, त्यानं कवा इसरला नाय. तो गेला. तुमी काच लावलीत, बाहेर पाटी लावलीत, आपल्या हातानं घ्या. मग सामानपण मी हातानं घेते नि वरचा पण हातानंच घेते. तुमाला कशाला तरास?"

मावशी भावजयीकडे वळल्या.

"मी तुना बोंबील देते, तवा वर दोन टाकते का नाय?"

"टाकता," भावजय म्हणाली.

"तवा तू बिल मागतेस?"

माझ्या भावाच्या शिबिरात आतले चोर, बाहेरचे चोर, माल पोचवणारे चोर असे सगळे शिकवले होते. स्वतःच्या हिशेबाने सरळ असलेल्या माणसाबद्दल तिथे कुणी काही बोललं नव्हतं.

पण खरी गंमत पुढे झाली. पडद्यावर मी मावशींकडे पाहत नव्हतो, बाकीच्या बायकांकडे पाहत होतो. सगळ्या आपापल्या हातातली गाळणी फार बारकाईने तपासत होत्या. टक्कलवाल्या गृहस्थांची पत्नी, सोसायटीत ज्यांच्या शब्दाला वजन होतं, त्या घसा साफ करून म्हणाल्या, "तसं ते द्यायचे हं वर. आमच्या सासूबाईंना वेलदोडे द्यायचे."

"मला कढीपत्ता," कुणीतरी म्हणालं.

"नातवाला चॉकलेट द्यायचे," तिसरी म्हणाली आणि मग, कुणी विचारलं नसताना, "मी एकच घेते. सामान जास्त असेल तरच."

"मीपण वेलदोड्याची लहानच पुडी घेते," वजनदार बाई घाईने म्हणाल्या. "मोठीला कधी हात लावला नाही."

"हिंग कोण घेतं?" बिलिंगच्या बाईने विचारलं. ती आता काउंटरला टेकून उभी होती आणि दुपारचा पुरता आनंद घेत होती. "सांगा सांगा. हळदीकुंकू आहे, कोणी पोलीस नाही."

हिंगाला कोणी वाली मिळाला नाही. पण मागच्या रांगेतली एक बाई उठून पाणी प्यायला गेली.

भाऊ उठला. "मी बाहेर जातो."

"बस," मी म्हटलं. "पुरुष नकोत."

"अरे पण हे सगळं..."

इतक्यात बिलिंगची बाई पडद्यावर वळली आणि सरळ आमच्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघू लागली. तिने कॅमेरा खराच निवडला होता. मग प्लायवुडवर बोटांनी टकटक झाली.

"शेठ, ऐकलंत ना? का कॅमेऱ्यात आवाज येत नाही?"

बायकांमध्ये जो हशा उसळला तो आम्ही आधी ऐकला आणि थोड्या वेळाने पाहिला.

भाऊ पोत्यावर खाली बसला. मग म्हणाला, "आता तिला काही सांगू नकोस."

"मी सांगणार नव्हतोच," असं मी म्हणालो. हे खरं होतं की नाही, हे ठरवण्याची वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी माशांची पाटी लावण्याआधी दुकानात आल्या आणि दोन्ही गाळण्या काउंटरवर ठेवल्या. एकीची जाळी कडेने खरोखरच सुटली होती. त्या बदलून हव्या होत्या. भावाने गाळण्या उचलल्या, उजेडात धरून पाहिल्या आणि बदलून दिल्या. चोरीचा माल खराब निघाला म्हणून बदलून देणारा दुसरा दुकानदार मला माझ्या नोकरीत कधी भेटला नाही. त्या निघाल्या तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं की, कॅमेऱ्याचं खोकंही वर म्हणून गेलं का?

"येडा का खुला तू?" मावशी म्हणाल्या. "एवढा मोठा वर कोण घेतं?"

म्हणजे याला नियम होते. सामानाच्या मानाने वर लहान हवं, आणि रोजच्या किरकोळ खरेदीला वर नाही. हे आम्हाला भावजयीने समजावून सांगितलं. ती लग्नाआधीपासून मासे घेते. वडील जिच्यातून गूळ-शेंगदाणे काढत ती काचेची बरणी तिने माळ्यावरून काढायला लावली, धुऊन बिलिंगजवळ ठेवली. महिन्याचं सामान झालं की बिलिंगची बाई त्यातून काहीतरी काढून पिशवीत टाकते. काय टाकायचं ते तीच ठरवते. वजनदार बाईंना ती वेलदोडे मोजून दोन देते आणि "मोठीतले आहेत हं" असं सांगते. कॉम्प्युटर शून्य किंमत घेत नाही, त्यामुळे भाऊ काही दिवस अस्वस्थ होता. मग त्याने ते नुकसानातून काढून जाहिरातीत टाकलं. हुकांवरची गळती बरीचशी थांबली आहे. हिंग अजून जातो.

एक गोष्ट मात्र राहिली होती. हळदीकुंकवाच्या त्याच संध्याकाळी दुकान आवरल्यावर तिने नेहमीप्रमाणे पिशवी काउंटरवर ठेवली आणि डबा काढला.

"आता नको," भाऊ म्हणाला.

"नको कसं? नियम आहे."

तिने झाकण उघडलं आणि त्याच्या नाकाशी धरलं. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्याही. भावाने तपासणी बंद केली असं जाहीर केलं, तरी तिने दाखवणं बंद केलं नाही. भेंडी, गवार, शुक्रवारी बांगडा. त्याने गोडाऊनमध्ये पळ काढला तर ती डबा घेऊन मागे जायची. तिला काय हवं होतं ते सगळ्यांना कळत होतं. भावाला कळायला वेळ लागला नाही, तोंडातून निघायला मात्र वेळ लागला. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. वडील चुकले की दुसऱ्या दिवशी आईसाठी गजरा आणत, आणि विषय संपे.

भावाने गजऱ्याचा विचार केला होता असं भावजयीने मला सांगितलं. तिने त्याला तिथेच थांबवलं.

शेवटी एका संध्याकाळी, मी दुकानात असताना, रांगेत वजनदार बाई आणि त्यांच्यामागे मावशी उभ्या असताना झाकण उघडलं गेलं. वांग्याची भाजी होती. भावाने वास घेतला नाही. त्याने झाकण उचलून डब्यावर ठेवलं आणि खाली बघत म्हणाला, "चुकलं."

"काय?"

"चुकलं म्हटलं."

"कोणाचं चुकलं? मोठ्याने बोला शेठ. मागे मावशी आहेत, त्यांना कमी ऐकू येतं."

"मना सगला ऐकू येतं," मावशी मागून म्हणाल्या. "पण बोल पुन्यांदा."

"माझं चुकलं," भाऊ म्हणाला. "तू काही घेतलं नाहीस. मी उगाच संशय घेतला."

तिने डबा पिशवीत ठेवला. पिशवीची चेन लावली. मग बरणीत हात घातला, गुळाचा एक खडा काढला आणि त्याच्यासमोर काउंटरवर ठेवला.

"हे काय?" त्याने विचारलं.

"वर," ती म्हणाली, आणि मावशींचं बिल करायला घेतलं.